पातेल्यातली गर्दी

लेकरांनो, पाणी कधी उतू जाताना पाहिलंय? चुलीवर आधण ठेवून आजी शेजारणीशी बोलत बसली तरी ते आपलं खदखदत राहतं. आटून आटून पातेलं करपायची वेळ येते, पण पाणी काही काठ ओलांडत नाही. दुधाचं तसं नाही. तुम्ही समोर बसलात की ते गुमान असतं. जरा पाठ वळली की फसफसून वर येतं आणि शेगडी विझवून मोकळं होतं.

आपल्याकडं वर्षातून एकदा तर हे मुद्दाम करतात. माघातल्या शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीला, अंगणात तुळशीपुढं गोवऱ्या पेटवायच्या, मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि सूर्याच्या नावानं ते उतू घालवायचं. ते कोणत्या अंगानं सांडलं याच्यावरून बाया काहीबाही अंदाज बांधतात. तुमचे आईबाप त्या दिवसांत कोयता घेऊन कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात, म्हणून बोळक्याजवळ बसायचं काम तुमच्याकडं येतं. मागच्या खेपेला थोरल्यानं तिथंच मला विचारलं होतं, "आबा, दूधच कामून उतू जातं? पाणी कामून नाही?" मी शाळेत मास्तर होतो तेव्हा असा प्रश्न आला की मला वही तपासायचंही सुचत नसे.

याचं उत्तर असं, की दूध पातळ दिसतं, ओतता येतं, पण ते नुसतं पाणी नाही. पाण्यात केवढी तरी गर्दी आहे. गाईचं १०० ग्रॅम दूध घेतलं तर त्यात ८७ ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. उरलेल्या १३ ग्रॅममध्ये सगळा संसार. चारेक ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे ज्याला डेअरीवर फॅट म्हणतात ते. पावणेपाचच्या घरात दुधातली साखर. सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आणि थोडे क्षार. म्हशीच्या दुधात पाणी कमी, फॅट जवळजवळ दुप्पट. यातली साखर पाण्यात पूर्ण विरघळते, तिची आपल्याला आज चिंता नाही. पण फॅट पाण्यात विरघळत नाही. तिच्या बारीक बारीक गोळ्या नुसत्या तरंगत असतात. किती बारीक? एका मिलिमीटरच्या रेघेवर अडीचशे-तीनशे गोळ्या ओळीनं बसतील इतक्या. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. शिक्षण बेताचं, पण स्वतःच्या हातानं भिंगं घासायचा. १६७४ च्या सुमाराला त्यानं भिंगाखाली दुधाचा थेंब धरला, तर पांढरं काही दिसेचना. दिसल्या त्या स्वच्छ पाण्यात तरंगणाऱ्या पारदर्शक गोळ्या. ही गोष्ट आपण पुढं वापरणार आहोत, ध्यानात ठेवा.

आता बोळक्याकडं वळू. दूध तापायला लागलं की वरच्या थरातलं पाणी उडून जातं आणि तिथं प्रथिनं आणि फॅट एकमेकांना धरून बसतात. तीच साय. खाली तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वर यायला बघतात. नुसत्या पाण्यात बुडबुडा वर आला की फुटतो, कारण त्याची भिंत पाण्याचीच असते. दुधातल्या बुडबुड्याला मात्र प्रथिनांचा पापुद्रा चढतो, तो लवकर फुटत नाही. एकावर एक बुडबुडे चढत जातात, वरून सायीचं झाकण, खालून वाफेचा रेटा. झाकणाला वर उचलूनच वाफ बाहेर पडते, आणि सोबत दूध. म्हणून आजी पातेल्यावर आडवं उलथनं ठेवते: वर आलेला फेस त्याला अडतो आणि तिथं मोडतो. आणखी एक युक्ती आहे. पातेल्याच्या तळाशी लहान बशी उपडी घालून बघा. तिच्याखाली वाफ साचते आणि मोठमोठ्या बुडबुड्यांनी बाहेर पडते, त्यामुळं वरची साय सारखी मोडत राहते. बशी मधूनमधून खडखडते तीही खूण चांगली. हे करताना मोठं माणूस जवळ पाहिजे, तापलेलं दूध पाण्यापेक्षा वाईट भाजतं कारण ते अंगाला चिकटतं.

मध्येच सांगून टाकतो. आपलं साधं दूध कितीही उकळलं तरी घट्ट बसत नाही, आटून आटून खवा होतो. पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर. आपल्या शिवेपलीकडं भूम तालुक्यात कुंथलगिरीला तर खव्याचंच नाव झालंय. पण व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक चुलीवर ठेवला, की थोड्याच वेळात खरवस होऊन बसतो. का? चिकात वासरासाठी रोगाशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि ही प्रथिनं उष्णतेनं अंड्यातल्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात. साध्या दुधात तसली प्रथिनं थोडी, म्हणून तिथं फक्त साय. वासराचा चीक आपण खातो हे मला कधी फारसं बरं वाटलं नाही, पण खरवस समोर आला की मी गप्प बसतो.

आता पहिला खेळ. शाळेत बाईंना सांगून वर्गात करा. बशीत दूध घ्यायचं, तळ झाकेल इतकंच, अर्धी वाटी पुष्कळ झाली. आपल्या जिल्ह्यात दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जनावरं जगवलेली माणसं आहेत, त्यांच्यापुढं दूध वाया घालवलंत तर मार खाल, आणि मी सोडवायला येणार नाही. दूध शांत झालं की त्यावर जिलेबीच्या रंगाचे दोन-तीन थेंब टाका. रंगाची पूड असेल तर चिमूटभर चमच्याभर पाण्यात कालवून घ्या. रंग जागच्या जागी राहील. आता कापसाच्या काडीचं टोक भांडी घासायच्या लिक्विडमध्ये बुडवा आणि त्या टोकानं दुधाच्या मधोमध स्पर्श करा. रंग तिथून असा काही पळतो, की पोरं बाकावर चढून बघतात.

कोण पळवतं त्याला? दुधाच्या पृष्ठभागावरचे पाण्याचे रेणू एकमेकांना सगळ्या बाजूंनी ओढून धरतात. पृष्ठभाग ताणलेला असतो आणि ताण सगळीकडं सारखा, म्हणून हालचाल नाही. साबण जिथं पडला तिथं तो ताण एकदम सैल होतो. बाजूचा भाग अजून घट्ट ओढतोच आहे, तो मधला पृष्ठभाग आपल्याकडं खेचून घेतो, आणि वरचा रंग त्याच्याबरोबर ओढला जातो. इटलीतल्या मारांगोनी नावाच्या अभ्यासकाच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. पण इथं खरी गंमत पुढं आहे. हाच खेळ साध्या पाण्यावर करा. रंग एकदा पळतो आणि थांबतो, कारण साबण लगेच सगळीकडं पसरून ताण सारखा करून टाकतो. दुधात मात्र रंग बराच वेळ घोळत राहतो, आतून वर येतो, पुन्हा खाली जातो. कारण साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडं जातं आणि दुसरं फॅटकडं. लेवेनहूकनं पाहिलेल्या त्या गोळ्या त्याला सारख्या भेटत राहतात, तो त्यांना गाठत हिंडतो आणि दूध ढवळून निघतं. मग साय काढलेल्या दुधावर करून बघा, आणि नंतर म्हशीच्या निरशा दुधावर. कुठं जास्त वेळ चालतं ते घड्याळ लावून लिहा. हे दूध पुन्हा कुणाला प्यायला द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

फॅटची गोष्ट झाली. आता प्रथिनं. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. दुधातल्या प्रथिनांत जवळजवळ ८० टक्के तेच. त्याचेही कण असतात, फॅटच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी लहान, एका मिलिमीटरच्या रेघेवर सहा-सात हजार बसतील असे. हे सगळे कण एकाच जातीचा विद्युतभार अंगावर घेऊन असतात, ऋणभार, आणि सारखे भार एकमेकांना लोटतात. गोठ्यात शिंगं रोखून उभे राहिलेले बैल जसे एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत, तसे ते एकमेकांपासून लांब राहतात. म्हणून दूध पातळ राहतं. त्यात लिंबू पिळलं की आम्ल येतं आणि कणांवरचा भार नाहीसा होतो. शिंगंच गेली म्हटल्यावर कोण कुणाला अडवणार? कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात, आणि वेगळं पिवळसर पाणी राहतं. दूध फाटलं. दही लागतं तेव्हाही हेच होतं, फक्त आम्ल बाहेरून येत नाही. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन तिथंच लॅक्टिक आम्ल करतात. हळू, एका जागी, न ढवळता होतं म्हणून गठ्ठे न होता अख्खं दूध एकसंध लागतं. शस्त्रक्रिया जंतुविरहित करायला शिकवणारा जोसेफ लिस्टर आठवतो का पुस्तकात? दूध आंबवणारा जिवाणू एकटा वेगळा काढून वाढवण्याचं काम त्यानंच १८७८ मध्ये मांडलं. जखमांचा डॉक्टर, पण दुधानंही त्याला कामाला लावलं.

फाटलेल्या दुधाचं काय करायचं? बटण. हसू नका. साय काढलेलं कोमट दूध पेलाभर घ्या, त्यात तीन-चार चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, गठ्ठे झाले की फडक्यात घालून घट्ट पिळा. आत जो गोळा राहील तो पाण्यानं धुऊन मळा, चपटा करून त्याला उदबत्तीच्या काडीनं दोन भोकं पाडा आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या. हस्तिदंतासारखं कडक होतं. मात्र पाण्यात राहिलं तर मऊ पडतं आणि आपटलं तर तुकडे होतात, त्यामुळं सदऱ्याला लावून शाळेत जायची घाई करू नका.

हे बटण जगात खरंच विकलं गेलं होतं, आणि त्याची सुरुवात शाळेतून झाली. जर्मनीत हॅनोव्हर शहरात विल्हेल्म क्रिशे नावाचा एक छापखानदार होता. १८९७ च्या सुमारास त्याला काळ्या फळ्याऐवजी पांढरी, धुऊन पुसता येणारी पाटी हवी होती. त्यानं केसीनचा थर पाटीवर चढवला. पण केसीन ओलं झालं की सुटायचं. मग आडॉल्फ स्पिटेलर या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. त्यांना असं सापडलं, की केसीन फॉर्मॅल्डिहाइडमध्ये भिजत ठेवलं की पाण्याला दाद देत नाही. पाटी काही चालली नाही, पण तो कडक पदार्थ गॅलॅलिथ या नावानं १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात झळकला. त्याची बटणं, फण्या, पेनांचे दांडे, दागिने, दुसऱ्या महायुद्धापर्यंत युरोपभर खपले. पुढं तेलातून निघणारं प्लॅस्टिक स्वस्त पडलं आणि दुधाचं बटण मागं पडलं. तुम्हाला फॉर्मॅल्डिहाइड मिळणार नाही आणि मिळालं तरी आणायचं नाही, ते विषारी असतं. आपलं बटण मऊ पडलं तरी चालेल.

आता एक गोष्ट अशी, की ती तुमच्या बापाच्या लहानपणीची. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पहाटेच दिल्लीकडून बातमी आली की गणपती दूध पितोय. टेलिफोनच्या जमान्यात ही बातमी दुपारपर्यंत देशभर आणि परदेशातल्या देवळांतही पोचली. ठिकठिकाणी रांगा लागल्या. लोक चमच्यात दूध भरून सोंडेशी नेत आणि दूध कमी होताना बघत. बघितलेलं खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगतो. दूध चमच्यातून खरंच जात होतं. प्रश्न इतकाच, जात कुठं होतं? केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याचे शास्त्रज्ञ दिल्लीतल्या एका देवळात गेले, त्यांनी दुधात रंग कालवला आणि तोच प्रयोग केला. चमच्यातलं दूध कमी झालं आणि रंगाचा ओघळ मूर्तीवरून खाली आला. पांढऱ्या संगमरवरी दगडावर पांढऱ्या दुधाचा पातळ ओघळ कुणाच्या नजरेला येणार?

तुम्ही हे घरी करा, मूर्तीला हात न लावता. पाट्यावरचा वरवंटा धुऊन उभा ठेवा. चमच्यात काठोकाठ दूध भरा, पाहा, दूध काठाच्या किंचित वर फुगलेलं दिसेल. पृष्ठभागाचा तोच ताण त्याला धरून ठेवतो. आता चमचा किंचित कलता करून त्याचा काठ वरवंट्याला टेकवा. दूध दगडाला चिकटतं, चिकटलेला थेंब खाली सरकतो, मागून दुसऱ्याला ओढतो, आणि बघता बघता वरवंटाही दूध पितो. चिमूटभर कुंकू कालवलं की ओघळ दिसेल. धाकटी मला म्हणाली, "म्हंजे आबा, परळीच्या वैजनाथाला आपण दूध वाहतो ते पण असंच खाली जातं?" असंच. तिथं तर कुणी म्हणतच नाही की पिंडीनं दूध प्यालं; अभिषेकाचं दूध खाली येतं हे आपण रोज उघड्या डोळ्यांनी पाहतो. चमच्यातलं दूध मात्र त्या दिवशी कुणी खाली शोधलं नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता खेळ. त्यासाठी डेअरीवर चला. आष्टी, पाटोद्याकडं सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन रांग लागते, आपल्याकडंही लागते. केंद्रावर फॅट बघतात, एसएनएफ बघतात, म्हणजे फॅट सोडून उरलेला कोरडा भाग. आता यंत्र आकडा दाखवतं. पूर्वी काचेच्या नळीत दूध आणि तीव्र गंधकाम्ल घालून नळी गरागरा फिरवत, प्रथिनं जळून विरघळत आणि फॅटचा थर वर येई. गर्बर नावाच्या स्विस माणसानं काढलेली रीत. पण तुमच्या पणजीला यातलं काही लागत नसे. ती दूध भांड्यात कलवून काठाकडं बघायची आणि म्हणायची, निळं दिसतंय, पाणी घातलंय.

पणजी बरोबर होती. कसं, ते संध्याकाळी पाहा. अंधाऱ्या खोलीत काचेच्या उंच पेल्यात किंवा सपाट तळाच्या स्वच्छ बाटलीत पाणी घ्या. त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका, चमचा नाही, थेंब. ढवळा. एका बाजूनं टॉर्चचा प्रकाश सोडा. बाजूनं पाहिलंत तर पाणी निळसर दिसेल. मग भिंतीवर पलीकडं पांढरा कागद धरा आणि आरपार गेलेला प्रकाश त्यावर पाहा: तो पिवळट. आणखी थेंब टाकत जा, तो नारिंगी होत जाईल. टॉर्चमध्ये मात्र थेट डोळे घालू नका.

टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. केसीनचे ते कण प्रकाशाच्या लहरींहूनही लहान. इतक्या लहान कणांवर आदळल्यावर निळा प्रकाश सगळीकडं जास्त विखुरतो, लाल-नारिंगी कमी. निळा बाजूला फेकला गेला म्हणून बाजूनं निळं, आणि सरळ पुढं गेलं त्यात नारिंगी उरलं. जॉन टिंडलनं १८६९ मध्ये असे प्रयोग केले, लॉर्ड रॅलेनं १८७१ मध्ये त्याचं गणित मांडलं. आकाशात दुधाऐवजी हवेचे रेणू असतात, पण काम तेच. दुपारी वर बघतो तेव्हा बाजूला विखुरलेला निळा दिसतो. संध्याकाळी सूर्याचा प्रकाश हवेच्या लांबच लांब थरातून येतो, निळा वाटेतच गळतो, नारिंगी उरतो. आपल्याकडं उन्हाळ्यात धुळीचीही भर पडते.

मग दूध पांढरं कसं? गर्दी जास्त म्हणून. अख्ख्या दुधात प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर इतक्या वेळा आपटतो, की सगळेच रंग सगळीकडून बाहेर येतात आणि मिळून पांढरं दिसतं. पाणी घातलं की कण विरळ होतात आणि निळा पुन्हा वेगळा दिसायला लागतो. पणजीनं काठाशी पाहिला तोच हा निळा. गाईचं दूध थोडं पिवळं दिसतं ते चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळं. म्हैस त्याचं जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंधोप.

१९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा बघून त्यांना हाच प्रश्न पडला. समुद्र निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा सांगितलं जाई. रामन यांनी बोटीवरच एका प्रिझमनं पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश छाटून टाकला, तरी पाणी निळंच. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात. तो धागा पकडून सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, त्यांनी आपला शोध जाहीर केला. १९३० ला नोबेल मिळालं. शाळेत विज्ञान दिन करता तो त्याच तारखेचा.

यंदाच्या विज्ञान दिनाला बाईंना सांगा, भाषणं थोडी आवरा आणि वर्गाच्या खिडक्यांवर घोंगड्या टाका. दोन सारखे पेले, सारखं पाणी, दोन टॉर्च. एकात गाईच्या दुधाचे थेंब, दुसऱ्यात म्हशीच्या दुधाचे. कागदावर नारिंगी उजेड येईपर्यंत मोजायचं, कुणाला किती थेंब लागले. मला उत्तर माहीत आहे, पण मी सांगणार नाही. गोठ्यातून दोन्ही दुधं आजीकडून मागून घ्या, आणि तिला आधीच सांगा की वाटीभर पुष्कळ आहे.